बंगालमध्ये जन्मलेल्या साहेबाने बेरोजगारांना हक्काचा भत्ता मिळवून दिला, पण सोबत कामाची अटही घातली

घरातली जुनी कागदपत्रांची फाईल काढून बघा. आई-बाबांच्या किंवा काका-मामांच्या मार्कशीटच्या मागे एक पिवळं पडलेलं कार्ड सापडण्याची दाट शक्यता आहे. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड. रांगेत उभं राहून नाव नोंदवायचं, मुदत संपली की नूतनीकरण करायचं आणि कॉल कधी येतोय याची वाट बघायची. अनेकांना तो कॉल शेवटपर्यंत आलाच नाही, ही गोष्ट वेगळी.

या कार्डाचं मूळ शोधत गेलं तर आपण १९१० सालच्या लंडनमध्ये पोहोचतो. तिथे एक तिशीतला सरकारी अधिकारी भेटतो. त्याने बेरोजगारांची नोंद ठेवणारी कार्यालयं देशभर उभी केली. पुढे त्यानेच बेरोजगारांना भत्ता देणाऱ्या विमा योजनेची घडी बसवली. आणि उतारवयात एक असा अहवाल लिहिला की तो विकत घ्यायला लोकांनी रांगा लावल्या.

त्याचं नाव विल्यम बेव्हरिज.

आज बेव्हरिज यांची आठवण काढायचं कारण म्हणजे एक प्रश्न. सरकारने गरिबांच्या खात्यात पैसे टाकले की सोशल मीडियावर तो हमखास उगवतो. फुकट कशाला द्यायचे, बदल्यात काम करून घ्या की! ब्रिटनमध्ये तर यावरून सरकारी योजना झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांना भत्ता हवा असेल तर बिनपगारी काम करा, असे नियम आले. त्यांच्या समर्थकांनी दाखला दिला तो बेव्हरिज यांचा.

दाखला खोटा नव्हता. पण तो अर्धाच होता. कसा, ते समजून घ्यायचं तर गोष्ट सुरुवातीपासून बघायला हवी.

रंगपूरचा मुलगा

विल्यम बेव्हरिज यांचा जन्म ५ मार्च १८७९ चा. गाव रंगपूर. तेव्हा ते बंगाल प्रांतात होतं, आता बांगलादेशात आहे. वडील हेन्री बेव्हरिज आयसीएस अधिकारी आणि न्यायाधीश. आई ॲनेट मुलींच्या शिक्षणासाठी कलकत्त्याला आलेली. तिने तिथे मुलींची शाळाही चालवली होती.

घर अभ्यासू होतं. हेन्री यांनी अकबरनाम्याचं इंग्रजी भाषांतर केलं. ॲनेट यांनी फारसी आणि तुर्की शिकून हुमायूननामा आणि बाबरनामा इंग्रजीत आणले. आजही मुघल इतिहासाच्या अभ्यासकांना ही नावं परिचयाची आहेत.

पण या घरात मतं एक नव्हती. १८८३ मध्ये इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. भारतीय न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवू द्यायचे का, असा तो प्रश्न होता. हेन्री बिलाच्या बाजूने होते, तर ॲनेट यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीर विरोध केला. मुलगा तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. पण उदार विचार आणि कडक शिस्त एकाच घरात कशी नांदते, हे त्याच्या पुढच्या आयुष्यातही दिसत राहिलं.

शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. आधी चार्टरहाऊस शाळा, मग ऑक्सफर्डचं बॅलिओल कॉलेज. हुशार मुलगा, वकिलीचा रस्ता समोर मोकळा. पण १९०३ मध्ये तो लंडनच्या ईस्ट एंडमधल्या टॉयन्बी हॉल या संस्थेत राहायला गेला. शिकलेल्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत राहावं, त्यांचं जगणं जवळून बघावं, यासाठी ती संस्था होती.

इथे त्यांना बेरोजगारी म्हणजे काय ते दिसलं.

गोदीच्या दारातली गर्दी

आपल्याकडे शहरात मजूर नाका असतो. सकाळी माणसं जमतात, मुकादम किंवा कंत्राटदार येतो, हवे तेवढे निवडून नेतो. उरलेले घरी जातात. लंडनच्या गोदीत रोज हेच चालायचं. जहाज आलं तर काम, नाही आलं तर उपास.

तेव्हाच्या सुखवस्तू समाजाचं मत सरळ होतं. ज्याला काम नाही तो आळशी असणार. आणि आळशाला वठणीवर आणायची जागाही तयार होती. १८३४ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वर्कहाऊसची व्यवस्था पक्की झाली होती. पोट भरता येत नसेल तर या सरकारी घरात या, पण आत नवरा-बायको वेगळे, मुलं वेगळी. काम म्हणजे दगड फोडणं किंवा जुने जाड दोर हाताने उसवणं. आतलं जगणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असलं पाहिजे, हे त्यामागचं तत्त्व होतं. म्हणजे कुणी उगाच मदत मागायला येणार नाही.

बेव्हरिज यांनी हिशोब वेगळ्या पद्धतीने मांडला. समजा गोदीची दहा दारं आहेत. प्रत्येक दाराला गर्दीच्या दिवशी शंभर माणसं लागतात, म्हणून प्रत्येक दारावर शंभर माणसं ताटकळत ठेवली जातात. पण दहाही दारांवर एकाच दिवशी गर्दी होत नाही. मग हजारातले कितीतरी जण रोज रिकाम्या हाताने परतणारच. त्यातला एखादा आळशी असेलही. पण सगळे कामसू झाले तरी रिकामे हात तेवढेच राहतील.

म्हणजे दोष फक्त माणसात शोधून भागणार नव्हतं. व्यवस्थेतच घोळ होता. १९०९ मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. बेरोजगारी हा उद्योगव्यवस्थेचा प्रश्न आहे, हे त्याच्या शीर्षकातच होतं.

याच काळात त्यांनी आणखी एक गोष्ट जवळून पाहिली. १९०५ मध्ये बेरोजगारांना तात्पुरतं काम देणारा कायदा झाला. आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखाच हा प्रकार. बागा खणा, रस्ते करा, शहराबाहेरच्या शेती वसाहतीत राबा. लंडनमध्ये ही व्यवस्था बघणाऱ्या मंडळावर बेव्हरिज स्वतः होते. त्यांच्या लक्षात आलं की काम संपलं की तीच माणसं पुन्हा दारात उभी राहतात. नुसतं कामाला जुंपल्याने खरी नोकरी मिळत नाही, हा धडा त्यांना विशीतच मिळाला.

नोंदणी, हप्ता आणि भत्ता

१९०७ मध्ये ते जर्मनीला गेले. तिथली रोजगार नोंदणी कार्यालयं पाहिली, विमा योजना पाहिली. १९०८ मध्ये विन्स्टन चर्चिल व्यापार खात्याचे मंत्री झाले आणि त्यांनी बेव्हरिज यांना खात्यात घेतलं. हो, तेच चर्चिल. तेव्हा ते लिबरल पक्षात होते.

१९०९ मध्ये लेबर एक्स्चेंजचा कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९१० ला पहिली कार्यालयं उघडली. त्यांचे संचालक होते बेव्हरिज.

मग आला १९११ चा राष्ट्रीय विमा कायदा. बांधकाम, जहाजबांधणी, इंजिनिअरिंग अशा निवडक धंद्यांतल्या सुमारे साडेबावीस लाख कामगारांना सक्तीचा बेरोजगारी विमा लागू झाला. कामगाराने हप्ता भरायचा, मालकाने तेवढाच भरायचा, सरकारने भर घालायची. काम गेलं तर आठवड्याला ७ शिलिंग, वर्षाला जास्तीत जास्त १५ आठवडे.

रक्कम मोठी नव्हती. पण ही भीक नव्हती, भरलेल्या हप्त्याचा हक्क होता. वर्कहाऊसच्या देशात हा मोठाच बदल होता.

अटी मात्र पहिल्या दिवसापासून होत्या. एक्स्चेंजमध्ये जाऊन सही करायची. काम करायची तयारी आहे हे दाखवायचं. स्वतःहून नोकरी सोडली किंवा गैरवर्तनामुळे काढलं तर सहा आठवडे पैसे बंद. पण त्याच कायद्यात कामगाराच्या बाजूनेही कलमं होती. संप फोडण्यासाठी रिकामी झालेली जागा नाकारली तर भत्ता जाणार नव्हता. नेहमीपेक्षा कमी मजुरीचं काम नाकारलं तरीही नाही.

ही बारीक अक्षरातली कलमं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडतील.

नायकाची दुसरी बाजू

इथवर वाचून बेव्हरिज म्हणजे गरिबांचा देवमाणूस वाटेल. तसं नव्हतं.

ज्यांना उद्योगात कायमची जागा मिळूच शकत नाही अशा लोकांबद्दल तरुण बेव्हरिज यांनी १९०६ च्या सुमारास जे लिहिलं, ते आज वाचवत नाही. सरकारने त्यांना पोसावं, पण त्या बदल्यात त्यांचे नागरी हक्क जावेत, असं त्यांचं मत होतं. मतदानाचा हक्क, स्वातंत्र्य, इतकंच काय, बाप होण्याचा हक्कसुद्धा. सुप्रजननशास्त्राच्या विचारांचा तेव्हा इंग्लंडमधल्या शिकलेल्या वर्गावर मोठा पगडा होता आणि बेव्हरिजही त्याला अपवाद नव्हते.

स्वभावही गोड नव्हता. पहिल्या महायुद्धात त्यांनी दारूगोळा आणि अन्न खात्यात काम केलं, १९१९ मध्ये सर झाले. त्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक झाले आणि १९३७ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. संस्था त्यांनी खूप वाढवली. पण एककल्ली कारभारामुळे प्राध्यापकांशी खटके उडत राहिले. दुसरीकडे १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतून हाकललेल्या विद्वानांना आसरा देण्यासाठी संघटना उभी करण्यात हेच पुढे होते.

त्यांच्या संचालकपदाच्या सुरुवातीच्या वर्षांत एलएसईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकत होते. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी बाबासाहेबांना १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. हा धागाही थोडा वेळ बाजूला ठेवू.

जंगलातल्या छावण्या

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये बेरोजगारी अशी वाढली की १९११ च्या योजनेचं कंबरडं मोडलं. १५ आठवड्यांच्या हिशोबाने केलेला विमा आणि वर्षानुवर्षं रिकामी बसलेली कोळसा आणि जहाजबांधणीची गावं. मेळ बसणार कसा?

सरकारने दोन मार्ग धरले.

पहिला मार्ग तपासणीचा. १९३१ पासून विम्याची मुदत संपलेल्यांना मदत देण्याआधी घराची झडती सुरू झाली. याला मीन्स टेस्ट म्हणायचे. घरात कोण किती कमावतं, पोराचा पगार किती, सगळं मोजायचं आणि तेवढे पैसे कापायचे. पोराच्या कमाईवर बापाला जगावं लागे, तरणी मुलं त्यापायी घर सोडून जात. त्या पिढीच्या मनात या तपासणीचा राग पुढे अनेक वर्षं राहिला.

दुसरा मार्ग कामाचा. १९२९ पासून दीर्घकाळ बेरोजगार असलेल्या पुरुषांसाठी कामगार खात्याने छावण्या काढल्या. जंगलाजवळ किंवा माळरानावर लाकडी झोपड्या, साधारण तीन महिने मुक्काम. झाडं तोडायची, चर खणायचे, रस्ते बांधायचे. सैल पडलेली शरीरं कामासाठी पुन्हा घट्ट करायची, हा अधिकृत उद्देश. काही काळ तर छावणीला नकार दिला की भत्ता बंद, असा नियम होता. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत जवळपास २ लाख पुरुष या छावण्यांतून गेले. बाहेर पडल्यावर बहुतेकांच्या गावात नोकरी तेव्हाही नव्हतीच.

बेव्हरिज हे सगळं जवळून बघत होते. १९३४ पासून बेरोजगारी विम्यावर सरकारला सल्ला देणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते.

नको असलेली नेमणूक

१९४१. दुसरं महायुद्ध ऐन भरात. साठी ओलांडलेल्या बेव्हरिज यांना देशाच्या मनुष्यबळाची सूत्रं हातात हवी होती. कामगार मंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांना मात्र हा माणूस आपल्या खात्यातून गेलेला हवा होता. तोडगा निघाला. सामाजिक विम्याच्या वेगवेगळ्या योजनांचा आढावा घेणाऱ्या एका समितीचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात मारण्यात आलं. आपल्याला अडगळीत टाकलंय हे कळून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सांगितलं जातं.

पण अडगळीतून त्यांनी बाहेर काढलं ते भलतंच. समितीतले बाकीचे सदस्य सरकारी अधिकारी होते. अहवाल इतका पुढे गेला की त्यावर अधिकाऱ्यांनी सही करणं सरकारला परवडणारं नव्हतं. शेवटी एकट्या बेव्हरिज यांच्या सहीने तो डिसेंबर १९४२ मध्ये बाहेर आला.

आकडेमोडीने भरलेला जवळपास ३०० पानांचा सरकारी अहवाल. असा अहवाल कोण वाचतं? पण लोकांनी दुकानासमोर रांगा लावल्या. संक्षिप्त आवृत्ती धरून ६ लाखांहून जास्त प्रती खपल्या. बीबीसीने वेगवेगळ्या भाषांत त्याची माहिती जगभर ऐकवली. गरजा, रोगराई, अज्ञान, बकाली आणि रिकामपण अशा पाच राक्षसांशी लढायचं आहे, अशी त्याची मांडणी होती. जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक नागरिकाला किमान आधार, तोही हप्ता भरून मिळवलेल्या हक्काने. आणि मीन्स टेस्टची झडती शक्य तितकी बाद.

ती अट नेमकी काय होती?

आता मुद्द्याची गोष्ट.

बेव्हरिज यांनी सुचवलं की बेरोजगारी भत्त्याला मुदतच नको. माणूस जितके दिवस बेरोजगार, तितके दिवस भत्ता. सहा महिन्यांनी रक्कम कमी नाही, घराची झडती नाही.

लगेच प्रश्न आला, मग लोक कामच करणार नाहीत त्याचं काय? त्यावर त्यांचं उत्तर होतं ही अट. ठरावीक काळानंतर भत्ता चालू ठेवायचा असेल तर त्या माणसाने काम केंद्रात किंवा प्रशिक्षण केंद्रात हजर राहिलं पाहिजे. साधारण सहा महिने हा काळ त्यांना योग्य वाटत होता. शाळा सोडलेल्या पोरांना तर शक्यतो एक दिवसही बिनशर्त भत्ता देऊ नये, असं त्यांचं मत होतं. नेहमीच्याच धंद्यातलं किंवा आपल्याच गावातलं काम हवं, असा हट्टही कायम धरता येणार नव्हता.

उद्देश दोन होते. रिकामं बसायची सवय लागू नये आणि माणसाची कमावण्याची ताकद वाढावी.

म्हणजे भत्त्याच्या बदल्यात काम म्हणणारे लोक त्यांचं नाव घेतात, ते उगाच नाही. हे सगळं अहवालात आहे.

पण त्या अहवालात आणखी काय आहे, तेही बघायला हवं.

एक, ही अट एका सौद्याचा भाग होती. झडती नको, मुदत नको, पुरेशी रक्कम हवी, आणि त्या बदल्यात हजेरी.

दोन, बेरोजगारी वाढली तर तो सहा महिन्यांचा काळ वाढवावा, कमी झाली तर घटवावा, असं त्यांनी सुचवलं होतं. बाजारात कामच नसताना माणसाला लवकर केंद्रात धाडण्यात अर्थ नाही, हे त्यांना कळत होतं.

तीन, गावाबाहेरचं किंवा वेगळ्या धंद्यातलं काम घ्यायला लावायचं असेल तर त्या कामाची रीतसर मजुरी मिळाली पाहिजे. १९११ ची ती बारीक अक्षरातली कलमं आठवली ना? तीच दृष्टी इथेही आहे.

आणि चार, सगळ्यात मोठी गोष्ट. ही आखी योजना तीन गृहीतकांवर उभी होती. मुलांसाठी भत्ता, सगळ्यांसाठी आरोग्यसेवा आणि सरकारने मोठ्या प्रमाणावरची बेरोजगारी होऊच न देणं. तिसरं गृहीतक कोसळलं तर अट हास्यास्पद होणार होती. थोड्या लोकांना शिकवून कामाला लावता येतं. लाखो लोकांना केंद्रांत बसवून ठेवलं तर तो नुसता टाइमपास होतो.

म्हणून १९४४ मध्ये त्यांनी पूर्ण रोजगारावर वेगळं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी व्याख्या अशी मांडली की बेरोजगारांपेक्षा रिकाम्या जागा जास्त असल्या पाहिजेत. त्या जागाही वाजवी मजुरीच्या आणि लोकांना घेता येतील अशा ठिकाणच्या हव्यात. माणसाने कामाची वाट बघण्यापेक्षा कामाने माणसाची वाट बघावी, हा त्यामागचा विचार. बेरोजगारी ३ टक्क्यांपर्यंत खाली आणता येईल, असं लक्ष्य त्यांनी ठेवलं आणि त्याची जबाबदारी सरकारवर टाकली.

थोडक्यात, एक अट बेरोजगारावर आणि एक अट सरकारवर. दोन्ही एकाच माणसाच्या लेखणीतून आल्या होत्या.

स्वप्न पूर्ण झालं, पण दुसऱ्यांच्या हातून

बेव्हरिज १९४४ मध्ये लिबरल पक्षाकडून खासदार झाले. वर्षभरातच १९४५ ची निवडणूक हरले. देशभर मजूर पक्षाची लाट होती आणि त्या लाटेमागे बेव्हरिज अहवालाने जागवलेल्या अपेक्षांचा मोठा वाटा होता. म्हणजे अहवालाचा लेखक घरी बसला आणि अहवाल दुसऱ्यांनी राबवला.

५ जुलै १९४८ ला ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा आणि राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. जुना गरिबांचा कायदाही इतिहासजमा झाला. पण बेरोजगारी भत्त्याला मुदत नको, ही बेव्हरिज यांची सूचना सरकारने मानली नाही. भत्ता ठरावीक मुदतीचाच राहिला, त्यापुढे पुन्हा तपासणी. काम केंद्राची अटही त्यांनी मांडली होती तशी आली नाही. तेव्हा ती फारशी लागलीही नाही, कारण १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बेरोजगारी सरासरी २ टक्क्यांच्याही खाली होती. हाताला काम होतं.

बेव्हरिज १९४६ मध्ये लॉर्ड झाले, नवी शहरं वसवण्याच्या कामात रमले, लिहीत राहिले. १६ मार्च १९६३ ला ऑक्सफर्डमध्ये ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

अर्धी चिठ्ठी

१९८० च्या दशकात ब्रिटनमधल्या बेरोजगारांचा आकडा ३० लाखांच्या वर गेला. पूर्ण रोजगाराचं वचन मागे पडलं आणि चर्चा पुन्हा बेरोजगाराच्या वागण्यावर आली.

१९९६ मध्ये बेरोजगारी भत्त्याचं नाव बदलून तो नोकरी शोधणाऱ्याचा भत्ता झाला. हप्त्याच्या हक्काने मिळणारे पैसे फक्त सहा महिने, पुढे मीन्स टेस्ट. १९९८ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने सहा महिने बेरोजगार असलेल्या तरुणांसाठी योजना आणली. त्यात नोकरी, शिक्षण असे पर्याय होते, पण घरी बसून भत्ता घ्यायचा पर्याय नव्हता.

२०११ मध्ये आली सक्तीच्या कामाची योजना. आठवड्याला ३० तासांपर्यंत, चार आठवडे, बिनपगारी. नकार दिला तर भत्ता बंद. २०१४ मध्ये दीर्घकाळ बेरोजगार असलेल्यांसाठी हीच मुदत २६ आठवड्यांपर्यंत गेली. याच काळात नियम इतके कडक झाले की वारंवार चुकणाऱ्याचा भत्ता तीन वर्षांपर्यंत थांबवता येत होता.

समर्थकांचं म्हणणं होतं की यामुळे सकाळी उठायची सवय लागते, अनुभव मिळतो, बायोडेटात एक ओळ वाढते. विरोधक विचारत होते की दुकानाला फुकट माणूस मिळत असेल तर ते पगार देऊन कुणाला ठेवतील कशाला? अशाच योजनांखाली बिनपगारी कामाला पाठवलेले लोक कोर्टात गेले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वेठबिगारी नसल्याचं सांगितलं, पण योजनेचे नियम बेकायदा ठरवले. लोकांना नेमकी माहिती न देताच त्यांना कामाला लावलं जात होतं.

आणि उपयोग काय झाला? सरकारनेच केलेल्या २०१२ च्या अभ्यासात चार आठवड्यांच्या त्या योजनेमुळे नोकरी मिळण्यावर काही परिणाम दिसला नाही. तरीही योजना वाढवली गेली. शेवटी २०१५ मध्ये सरकारने या योजना पुढे न चालवण्याचं जाहीर केलं.

बेव्हरिज यांच्या सौद्यातून इथे हजेरी घेतली गेली. मुदत नसलेला भत्ता गेला, झडतीपासूनची सुटका गेली, रीतसर मजुरी गेली आणि हाताला काम देण्याची सरकारवरची अटही गेली.

आपल्याकडचे धागे

आता बाजूला ठेवलेला तो धागा उचलू. जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री झाले. पाचच महिन्यांनी बेव्हरिज अहवाल आला. मार्च १९४३ मध्ये आंबेडकरांच्या खात्याच्या काळातच प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम आलं. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. म्हणजे आज पगाराच्या स्लिपवर दिसणारं ईएसआय. १९४५ मध्ये याच मजूर खात्याने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज सुरू केली. ती नंतर सगळ्यांसाठी खुली झाली आणि ते कार्ड आपल्या घरातल्या फाईलपर्यंत पोहोचलं. ब्रिटनसारखा बेरोजगारी भत्ता मात्र त्या कार्डासोबत आला नाही.

काम आणि मदत यांची सांगड महाराष्ट्रानेही घातली, पण वेगळ्या टोकाकडून. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेल्या आणि १९७७ मध्ये कायदा झालेल्या रोजगार हमी योजनेमागे वि. स. पागे होते. तिच्यात मदतीच्या बदल्यात काम आहेच, खडी फोडून, माती उपसून. पण काम मागितल्यावर १५ दिवसांत देता आलं नाही तर सरकारने बेरोजगार भत्ता द्यायचा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात हा भत्ता किती जणांच्या हातात पडला, हा वेगळा विषय. पण कायद्याच्या कागदावर तरी काम पुरवायची जबाबदारी आधी सरकारची आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी फॅमिली ग्रुपवर फुकट पैसे देण्यापेक्षा काम करून घ्या, असा मेसेज टाकला, तर लगेच भांडायला जाऊ नका. बेव्हरिजही काहीसं तेच म्हणाले होते. फक्त त्या काकांना विचारा की काम कुठे आहे, त्याची मजुरी किती आणि ते देणार कोण? बेव्हरिज यांना याची उत्तरं द्यायला १९४४ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहावं लागलं होतं.